सहभागी स्त्रीवादी कला

स्त्री कलाकार आणि एखाद्या वस्तीतल्या, गावातल्या किंवा कामाच्या ठिकाणच्या बायका यांनी मिळून, खेळाच्या अंगाने उभी केलेली आणि रोजच्या जगण्यातल्या अन्यायाला हात घालणारी कला. चित्र, नाटक, शिवण, गाणे, फार काय नुसते एकत्र बसून बोलणे, यांतले काहीही तिचे माध्यम होते. शेवटी हाती लागलेल्या वस्तूइतकेच मोल ती घडत असताना बायका एकमेकींशी काय बोलल्या याला असते. खेळ हा तिचा गाभा आहे, कारण जे सरळ बोलायची चोरी असते ते फेरात गाता येते. हादग्यात वाढलेल्या सातारा-सांगलीकडच्या बाईला हे समजावून सांगावे लागत नाही, म्हणून इथे सुरुवात तिकडूनच केली आहे.

आश्विनात हस्त नक्षत्र लागले की या भागात हादगा मांडतात. भिंतीवर समोरासमोर हत्तींचे चित्र लावायचे, त्याला फळाफुलांच्या, भाज्यांच्या माळा घालायच्या आणि मुलींनी फेर धरायचा. दर दिवशी एक गाणे वाढते, एक खिरापत वाढते आणि झाकलेल्या डब्यात काय आहे हे ओळखण्यावरून गलका होतो. पहिल्याच गाण्यात गणपतीकडे जे मागणे आहे ते खेळ मांडू देण्याचे. धन किंवा पुत्र त्यात नाही. कारल्याच्या वेलाचे गाणे तर नीट ऐकण्यासारखे आहे. सून माहेरी धाडा म्हणते, तर सासू आधी कारल्याचे बी पेरायला सांगते. बी पेरले तर कोंब येऊ दे, कोंब आला तर वेल चढू दे, मग फूल, मग कारले, मग भाजी. दर कडव्याला रजा एक पाऊल पुढे सरकते. सासुरवाशिणीची अडवणूक इतक्या नेमकेपणाने मांडणारी रचना दुसरी सापडणे अवघड, आणि ती गातात कोण, तर आठ-दहा वर्षांच्या पोरी, टाळ्या देत.

साताऱ्याच्या खंडाळा तालुक्यातला ‘बोरीचा बार’ याहून धीट. नागपंचमीच्या दुसऱ्या दिवशी सुखेड आणि बोरी या दोन गावच्या बायका मधल्या ओढ्याच्या दोन काठांवर उभ्या राहतात आणि वाद्यांच्या गजरात, हातवारे करत एकमेकींना शिव्यांची लाखोली वाहतात. याला स्त्रीवादी म्हणणे ओढूनताणून होईल, कारण शिव्यांचा रोख बाईवरच राहतो. तरी भर गर्दीत बाईने आवाज चढवावा आणि गावाने तो सण मानावा, ही मुभा लहान नव्हे. सावित्रीबाई फुले यांचे जन्मगाव नायगाव याच तालुक्यातले.

‘स्त्रीवादी कला’ हे नाव घेऊन उभी राहिलेली चळवळ मात्र अमेरिकेतली. १९७२ मध्ये ज्युडी शिकागो आणि मिरियम शापिरो या कलाकारांनी विद्यार्थिनींना बरोबर घेऊन लॉस एंजेलिसमध्ये ‘वुमनहाऊस’ मांडले. सतरा खोल्यांचे पडीक घर मुलींनी स्वतः दुरुस्त केले आणि खोल्याखोल्यांतून घरकामच कलाकृती म्हणून दाखवले. एका खोलीत चादरींच्या कपाटाच्या फळ्यांमध्ये अडकलेली बाईची आकृती होती, एक पाय तेवढा बाहेर पडू पाहणारा. मिअर्ली लेडरमन युकेलिस यांनी १९७९-८० मध्ये न्यूयॉर्कच्या सुमारे ८,५०० सफाई कामगारांशी एकेकाला भेटून हस्तांदोलन केले आणि शहर जिवंत ठेवल्याबद्दल आभार मानले. १९८७ मध्ये सुझॅन लेसी यांनी मिनिआपोलिस इथे साठीच्या पुढच्या ४३० बायकांना काळ्या वेशात, एकेका टेबलाशी चौघी अशा बसवले. त्या आपल्या म्हातारपणाविषयी बोलत होत्या आणि ठरावीक वेळाने टेबलावरच्या हातांची ठेवण बदलत होत्या. वरून पाहणाऱ्यांना खाली गोधडीची नक्षी बदलताना दिसे. आपल्याकडे गोधडीला वाकळ म्हणतात. जुनी लुगडी एकावर एक अंथरून शेजारणी चारी बाजूंनी धावदोरा घालायला बसतात, आणि दोऱ्याबरोबर कुणाच्या तरी घरातले दुखणे बाहेर येते. लेसींनी जे घडवून आणले ते या अंगणाच्या फार जवळचे आहे.

भारतात या कलेने रस्ता आणि रंगमंच दोन्ही धरले. स्त्री मुक्ती संघटनेचे, ज्योती म्हापसेकर यांनी लिहिलेले ‘मुलगी झाली हो’ हे नाटक १९८३ मध्ये आले. कार्यकर्त्या बायकांनीच ते गात-नाचत महाराष्ट्रभर पोचवले. जास्मीन पाथेजा यांनी २००३ मध्ये बंगळुरूत सुरू केलेल्या, रस्त्यावरच्या छेडछाडीविरुद्ध काम करणाऱ्या ‘ब्लँक नॉइज’ या गटाच्या एका उपक्रमात बायका सार्वजनिक बागेत जमून निवांत झोपतात. एवढीच कृती, पण बागेत एकटीने डोळे मिटण्याची भीती कुणी घातली हा प्रश्न ती विचारते.

सांगलीचे या इतिहासातले स्थान वेगळे आहे. विष्णुदास भावे यांनी १८४३ मध्ये इथे ‘सीता स्वयंवर’ केले आणि गाव नाट्यपंढरी झाले, पण त्या रंगमंचावर सीताही पुरुषच होता. त्याच सांगलीत १९९६ पासून वेश्या अन्याय मुक्ती परिषद, म्हणजे ‘व्हॅम्प’, काम करते. तिच्या सभासद स्त्रियांनी स्वतःच्या आयुष्याचे नाटक उभे केले. घरवाली, म्हणजे कुंटणखाना चालवणारी बाई, तिचा मालक, म्हणजे नेहमीचा जोडीदार, आणि मालकाची लग्नाची बायको ही त्यातली माणसे. या बायकांवर दुसऱ्यांनी पुष्कळ लिहिले, कधी कीव करत, कधी नाक मुरडत. इथे सोंग त्यांचे, हशा त्यांचा आणि कुठे हसायचे हे ठरवणाऱ्याही त्याच. प्रस्तुत लेखकाच्या मते सहभागी कलेचा अर्थ इथे सर्वांत पुरेपूर उतरतो.

या कलेवरचा मुख्य आक्षेप खरा आहे. कलाकार येते, फोटो निघतात, नाव तिचे होते आणि वस्ती होती तिथेच राहते. बायकांचे श्रम पुन्हा एकदा बिननावाचे जातात. छत्तीसगडमध्ये बस्तरातल्या कोंडागाव भागात कलाकार नवज्योत अल्ताफ यांनी शांतीबाई, राजकुमार अशा स्थानिक कलाकारांसोबत अनेक वर्षे राहून केलेले ‘नलपार’ हे या आक्षेपाला तोंड देणारे काम आहे. हातपंपाभोवती शिल्पासारखे बांधलेले हे पार. पाण्याने भरलेले भांडे जमिनीवरून थेट डोक्यावर घ्यायचे म्हणजे कंबरेला हिसका बसतो. इथे बाई ते आधी मधल्या कट्ट्यावर टेकवते, दम खाते, शेजारणीशी दोन शब्द बोलते आणि मग डोक्यावर घेऊन घराकडे निघते.