पोटॅशियमचं कोठार स्नायूंत, किल्ली अ‍ॅड्रेनालिनकडे

बीपीच्या पेशंटच्या रिपोर्टात पोटॅशियम 3.1, म्हणजे कमी, दिसलं की पहिला संशय लघवीच्या गोळीवर जातो. 1950 च्या दशकाअखेर थायझाइड नावाच्या या गोळ्या आल्या, तेव्हापासूनचा हा संशय, आणि बऱ्याचदा तो खरा ठरतो. तरीही नुसत्या मूत्रपिंडाकडे बघून भागत नाही. शरीरातलं जवळपास 98 टक्के पोटॅशियम पेशींच्या आत असतं, त्यातलं बहुतेक स्नायूंत. रक्तात असतं ते चिमूटभर. त्यामुळे कोठाराचं दार जरा किलकिलं झालं तरी रक्तातला आकडा हलतो.

अ‍ॅड्रेनालिन या ताणाच्या वेळी उसळणाऱ्या संप्रेरकाने पोटॅशियम हलतं हे 1934 मध्येच डी'सिल्वा यांनी मांडलं होतं. त्यांना दिसली ती क्षणभराची उसळी. ती यकृतातून येते. मागोमाग येणारी, जास्त वेळ टिकणारी घसरण मात्र स्नायूंची करणी आहे. ती समजायला दोन धागे जुळावे लागले. 1948 मध्ये रेमंड आल्क्विस्ट यांनी अल्फा आणि बीटा रिसेप्टर, म्हणजे अ‍ॅड्रेनालिनचा संदेश घेणाऱ्या पेशीवरच्या जागा, वेगळे केले. 1967 मध्ये बीटाचेही दोन प्रकार ठरले, बीटा-1 आणि बीटा-2. दुसरा धागा डेन्मार्कच्या ऑर्हूसचा. तिथे 1957 मध्ये येन्स स्काऊ यांना खेकड्याच्या पायातल्या नसांत सोडियम-पोटॅशियम पंप सापडला: तीन सोडियम बाहेर, दोन पोटॅशियम आत. वीस वर्षांनी त्याच गावात क्लाउसेन आणि फ्लॅटमन यांनी उंदराच्या पोटरीच्या स्नायूवर दाखवलं, की अ‍ॅड्रेनालिन बीटा रिसेप्टरमार्फत हाच पंप जोरात चालवतं.

माणसातला पुरावा 1983 चा, आणि मला तो सगळ्यात मोलाचा वाटतो. मॉरिस ब्राउन आणि सहकाऱ्यांनी निरोगी माणसांना शिरेतून अ‍ॅड्रेनालिन दिलं. पोटॅशियम सुमारे 0.8 ने उतरलं. फक्त बीटा-2 अडवणारं औषध आधी दिलं, तर ही घसरण थांबली.

बीपीच्या उपचाराशी याचा थेट संबंध आहे. प्रोप्रॅनोलॉल हे बीपीचं औषध दोन्ही बीटा अडवतं, म्हणून व्यायामात स्नायूंतून बाहेर आलेलं पोटॅशियम परत आत जायला वेळ लागतो. अ‍ॅटेनोलॉल हे तसंच औषध मुख्यतः बीटा-1 अडवतं, तिथे हा परिणाम कमी. उलट, लघवीच्या गोळीने आधीच पोटॅशियम उतरलेल्या माणसाला हार्ट अटॅक आला, तर त्या घटकेला उसळलेलं अ‍ॅड्रेनालिन उरलंसुरलं पोटॅशियमही स्नायूंत ओढतं आणि ठोके बिघडण्याचा धोका वाढतो. म्हणून अशा पेशंटचा जुना रिपोर्ट शोधून ताज्या आकड्याशेजारी ठेवावा.