जिन्यातल्या उभ्या रेषा: खंडित वितरणाचा क्वांटाइल आलेख

प्रशियाच्या सैन्यात १८७५ ते १८९४ या वीस वर्षांत घोड्याची लाथ बसून किती सैनिक दगावले, याची आकडेवारी लाडिस्लाउस बोर्टकिएविच यांनी १८९८ साली प्रसिद्ध केली आणि तेव्हापासून ती संख्याशास्त्राच्या वर्गांतून अखंड फिरते आहे. सैन्याच्या दहा कोअर (मोठ्या तुकड्या) आणि वीस वर्षे मिळून २०० नोंदी होतात. त्यांपैकी १०९ नोंदींत मृत्यू शून्य, ६५ मध्ये एक, २२ मध्ये दोन, ३ मध्ये तीन आणि एकाच नोंदीत चार. म्हणजे एकूण मृत्यू १२२ आणि दर नोंदीमागे सरासरी ०.६१. हे आकडे ‘आर’ या संख्याशास्त्रीय प्रणालीत भरून त्यांचा ९८ वा शतमक, म्हणजे ९८ टक्के नोंदी ज्याच्या आत येतात ते मूल्य, विचारला, तर उत्तर येते २.०२. घोड्याच्या लाथेने २.०२ सैनिक मरत नाहीत, तरीही प्रणालीने कोणतीही चूक केलेली नसते. तिला जे गणित मूळ सूचनेनुसार करायचे असते, तेच तिने इमानाने केलेले असते.

चढत्या क्रमाने लावलेल्या या २०० आकड्यांत १९६ वा आकडा २ आहे आणि १९७ वा ३. आरची मूळ पद्धत ९८ टक्क्यांचे स्थान १९६.०२ असे काढते आणि दोन शेजाऱ्यांच्या मधले, त्या प्रमाणातले मूल्य देते. रॉब हाइंडमन आणि यानान फॅन यांनी १९९६ साली नमुन्यावरून क्वांटाइल (शतमकासारखे, दिलेल्या प्रमाणाशी जुळणारे मूल्य) काढण्याच्या नऊ पद्धती एकत्र मांडल्या. त्या नऊही आरमध्ये आहेत आणि वापरणाऱ्याने काही न सांगितल्यास सातवी निवडली जाते. उंची, वजन, तापमान अशा अखंडित राशींसाठी ती सोयीची आहे. मोजून येणाऱ्या पूर्णांकांसाठी मात्र पहिली पद्धत निवडावी, कारण ती मधले मूल्य तयार करत नाही आणि वरच्या प्रश्नाला सरळ २ असे उत्तर देते.

संचयी वितरण फलन एखाद्या मूल्यापर्यंतची एकूण संभाव्यता सांगते आणि क्वांटाइल फलन त्याच्या उलट दिशेने चालते. सीईटीच्या निकालपत्रावर जो पर्सेंटाइल छापलेला असतो, तो गुणांवरून स्थान सांगतो, म्हणजे ती संचयी फलनाची दिशा झाली. ‘नव्याण्णव पर्सेंटाइलसाठी किती गुण लागतील?’ हा पालकांचा प्रश्न क्वांटाइल फलनाचा आहे. अखंडित वितरणात एक दिशा दुसरीच्या बरोबर उलट असते, परंतु खंडित वितरणात, जिथे मूल्ये सुटी सुटी असतात, संचयी फलन उड्या मारत वाढते आणि मधल्या अनेक संभाव्यतांना नेमका जोडीदारच सापडत नाही. म्हणून व्याख्या अशी करतात: दिलेल्या संभाव्यतेइतकी किंवा तिच्याहून अधिक संचयी संभाव्यता ज्या मूल्यांपाशी असते, त्यांतले सर्वांत लहान मूल्य म्हणजे क्वांटाइल.

याच घोड्यांसाठी सरासरी ०.६१ असलेले प्वासाँ वितरण (विरळ घटनांच्या संख्येसाठीचे गणिती वितरण) घेतले, तर शून्य, एक, दोन, तीन आणि चार मृत्यूंपाशी संचयी संभाव्यता अनुक्रमे ०.५४३४, ०.८७४८, ०.९७५९, ०.९९६४ आणि ०.९९९६ होतात. आडव्या अक्षावर संभाव्यता आणि उभ्या अक्षावर मृत्यू घेतले की क्वांटाइल फलनाचा जिना उभा राहतो. त्याची पहिली पायरी ०.५४३४ इतकी रुंद, दुसरी ०.३३१४, तिसरी ०.१०११ आणि पुढच्या पायऱ्या झपाट्याने अरुंद होत जातात. पायरीची रुंदी म्हणजे त्या मूल्याची संभाव्यता आणि पायरीची उंची म्हणजे ते मूल्य, त्यामुळे जिन्याखालचे एकूण क्षेत्रफळ बरोबर सरासरीइतके, म्हणजे ०.६१ भरते. माझ्या मते हा आलेख काढण्याचे सर्वांत चांगले कारण हेच आहे, आणि दुर्दैवाने पाठ्यपुस्तकांत तो संचयी फलनाच्या आलेखाइतका दिसत नाही.

हा जिना काढायला बहुतेक जण आरमधील ‘कर्व्ह’ ही आज्ञा वापरतात आणि तिथेच फसतात. ही आज्ञा शून्य ते एक या पट्ट्यात समान अंतरावर १०१ बिंदू घेते, प्रत्येक ठिकाणी क्वांटाइल काढते आणि ते बिंदू सरळ रेषांनी जोडते. ०.५४ पाशी क्वांटाइल शून्य आहे आणि ०.५५ पाशी एक, म्हणून त्यांच्यामध्ये एक तिरपी रेषा येते आणि ०.५४५ पाशी अर्धा सैनिक मेल्याचे चित्र सांगते. याहून गंभीर गोष्ट उजव्या टोकाला घडते: ०.९९ पाशी उत्तर तीन आहे आणि त्यापुढचा बिंदू थेट एक, जिथे प्वासाँचा क्वांटाइल अनंत असतो आणि म्हणून आलेखावर उमटतच नाही. चार मृत्यूंची पायरी ०.९९६४ आणि ०.९९९६ यांच्यामध्ये असल्याने ती या जाळीतून पूर्ण निसटते. प्रत्यक्षात एका कोअरमध्ये एका वर्षी चार सैनिक मेले होते, पण या आलेखात त्या शक्यतेला जागाच नाही.

बिंदूंची संख्या दहापट केली की तिरपेपणा डोळ्यांना जाणवेनासा होतो. तो नाहीसा होत नाही. योग्य मार्ग उलटा आहे: संभाव्यतांची जाळी न घेता मूल्ये घ्यावीत, त्यांच्या संचयी संभाव्यता काढाव्यात आणि उड्या नेमक्या तिथेच माराव्यात. आरच्या ‘प्लॉट’ आज्ञेत पायऱ्या काढण्याचे दोन प्रकार आहेत, लहान ‘एस’ आणि मोठा ‘एस’. लहान एस आधी आडवा जातो आणि मग वर चढतो. मोठा एस आधी चढतो आणि मग आडवा जातो. संचयी फलनासाठी लहान एस बरोबर, पण अक्षांची अदलाबदल झाल्यामुळे क्वांटाइलसाठी मोठाच हवा. इथे लहान एस वापरला तर प्रत्येक पायरी एका घराने पुढे सरकते आणि ०.७ पाशी, जिथे उत्तर एक आहे, तिथे शून्य दिसते. पायथन या संगणकभाषेच्या मॅटप्लॉटलिब या आलेख-संचातील ‘स्टेप’ ही आज्ञा मुळातच ‘प्री’ पद्धतीने, म्हणजे आधी चढून मग आडवी, चालते, म्हणून क्वांटाइलचा आलेख तिथे काही न सांगता योग्य येतो आणि चूक व्हायचीच तर संचयी फलनाच्या आलेखात होते.

उभ्या रेषांचे काय करावे, यावर मतभेद आहेत. त्या फलनाचा भाग नाहीत. केवळ डोळ्याला जिना जोडलेला दिसावा म्हणून त्या काढतात. काटेकोर चित्रात त्या वगळतात आणि प्रत्येक पायरीच्या डाव्या टोकाला पोकळ, तर उजव्या टोकाला भरीव ठिपका देतात, कारण ०.५४३४ या नेमक्या उडीपाशी उत्तर खालच्या पायरीवरचे, म्हणजे शून्यच असते. संचयी फलनात हे ठिपके उलट असतात. मी स्वतः उभ्या रेषा फिकट तुटक ठेवतो, कारण नुसत्या तरंगत्या आडव्या रेषा पाहून विद्यार्थी गोंधळतात.

भरीव ठिपक्याची ही काळजी संगणकालाही घ्यावी लागते. त्याच्या द्विमान (फक्त शून्य आणि एक वापरणाऱ्या) अंकगणितात ०.१ आणि ०.२ यांची बेरीज ०.३ पेक्षा किंचित जास्त भरते, त्यामुळे जिथे संचयी संभाव्यता नेमकी ०.३ आहे तिथे एक पायरी उगाच वर चढण्याचा धोका असतो. आरच्या द्विपद वितरणाच्या क्वांटाइल फलनात म्हणून दिलेली संभाव्यता नखभर कमी करून मग शोध घेतला जातो. डाव्या टोकाला प्रणाली आपापसांत जुळत नाहीत: संभाव्यता शून्य दिली तर आर प्वासाँसाठी ० देते, तर पायथनचा सायपाय हा गणिती संच -१ देतो, आणि शून्यापासून आलेख सुरू करणाऱ्याला पहिल्या पायरीखाली एक अनपेक्षित खड्डा दिसतो.

आता प्रत्यक्ष २०० नोंदींचा जिना प्वासाँच्या जिन्यावर ठेवून पाहावा. नोंदींच्या उड्या ०.५४५, ०.८७, ०.९८ आणि ०.९९५ यांवर आहेत. चारही ठिकाणी दोन जिने एकमेकांपासून केवळ अरुंद फटींमध्ये वेगळे होतात आणि त्या चार फटींची एकूण रुंदी ०.०१२ च्या आसपास भरते. ‘कर्व्ह’च्या १०१ बिंदूंपैकी फक्त एक बिंदू, ०.९८, अशा फटीत पडतो. तिथे नोंदींचे उत्तर दोन आहे आणि प्वासाँचे तीन. उरलेल्या तीन फटी त्या जाळीवर दिसतच नाहीत.