डेस्कटॉप चहाच्या वेळीच का तुटतो?

माझी बहीण कोथरूडला घरून काम करते. तिचा ‘ऑफिसचा कॉम्प्युटर’ म्हणजे दूरच्या डेटा सेंटरमधला व्हर्च्युअल डेस्कटॉप. घरच्या लॅपटॉपवर दिसतं ते फक्त त्याच्या स्क्रीनचं चित्र. “कधीही तुटतो रे, काही नेम नाही,” ही तिची तक्रार. मी तिला दुधाच्या हिशोबाच्या वहीत वेळा मांडायला लावल्या. आठवड्याने पाहिलं तर नेम होता! बहुतेक नोंदी चहाच्या आणि लांबलेल्या फोनच्या. बाकीच्या दुपारी एकच्या सुमाराच्या.

चहाचं आधी. घरातली सगळी उपकरणं बाहेरच्या जगाशी एकाच पत्त्यावरून बोलतात, म्हणून कुणाचं कुणाशी बोलणं चाललंय याची नोंद राउटर ठेवतो. याला ‘नॅट’ म्हणतात. सोसायटीच्या वॉचमनचं रजिस्टरच म्हणा ना. बराच वेळ हालचाल दिसली नाही, की वॉचमन नोंद खोडतो, आणि तसं दोन्ही टोकांना कळवतही नाही. बाई चहा पिऊन येतात, बटण दाबतात, आणि स्क्रीन गोठलेला. 2008 च्या आरएफसी 5382 (इंटरनेटच्या नियमांचा एक दस्तऐवज) नुसार शांत टीसीपी जोडणीची, म्हणजे दोन कॉम्प्युटरमधल्या चालू संभाषणाची, नोंद किमान 2 तास 4 मिनिटं ठेवायला हवी. घरगुती राउटर इतका धीर धरतीलच असं नाही. की डेटा सेंटरमधल्या सर्व्हरनेच, काही हालचाल नाही म्हणून, तिला बाहेर हाकललं असेल? विंडोजमध्ये त्याआधी 2 मिनिटं सूचना येते. हिला कधीच आली नव्हती.

उपाय ‘कीप-अलाइव्ह’: दर मिनिटाला माहितीचं एक चिमुकलं पॅकेट, “मी आहे” एवढंच सांगणारं.

एकच्या नोंदींसाठी दोन खिडक्यांत पिंग (“आहेस का?” अशी सतत हाक मारून उत्तर येतं का ते पाहणारी आज्ञा) चालू ठेवलं, एकात घरच्या राउटरला, दुसऱ्यात बाहेरच्या पत्त्याला. फक्त दुसरं अडखळलं असतं तर दोष बाहेरच्या लाइनचा. इथे दोन्ही एकदम अडखळले, म्हणजे दोष घरातल्याच वायफायचा, आणि स्वयंपाकघरात भाजी गरम होत होती. मायक्रोवेव्ह 2.45 गिगाहर्ट्झच्या आसपास चालतो, जुनं वायफाय 2.4 वर. थोडीशी गळतीही पुरते. लॅपटॉप 5 गिगाहर्ट्झवर नेला, एकचा त्रास संपला. (गुरुवारी वीज जाते तेव्हा राउटरही जातो, त्याला छोटा यूपीएस हवा. पुण्यात हे वेगळं सांगायला नको.)

कीप-अलाइव्हची सेटिंग सर्व्हरवर, म्हणजे ऑफिसच्या आयटीवाल्यांच्या हाती. तिकीट टाकलंय. तोवर ती चहाला उठताना व्हर्च्युअल डेस्कटॉपवर सेकंदकाट्याचं घड्याळ उघडं ठेवते. काटा सरकला की चित्र बदलतं, पॅकेटं येत-जात राहतात, आणि वॉचमन नोंद खोडत नाही.