मुष्टियुद्धातील भिन्नकालीन लढती

मुष्टियुद्धातील भिन्नकालीन लढती : ज्यांच्या कारकिर्दी एकमेकींना भिडल्याच नाहीत, किंवा भिडल्या तर एकाच्या उतरणीवर भिडल्या, अशा दोन विजेत्यांना ऐन भरात समोरासमोर उभे आहेत असे मानून निकालाचा अंदाज बांधणे. मुहंमद अली विरुद्ध माइक टायसन, जो लुई विरुद्ध रॉकी मार्सियानो, शुगर रे रॉबिन्सन विरुद्ध शुगर रे लेनर्ड या नेहमीच्या जोड्या. बहुतेक चर्चा हेवीवेट गटाभोवती फिरते. या गटाला वजनाची वरची मर्यादा नाही, आणि त्याचा विजेता तो जगातला सर्वांत बलवान लढवय्या, ही समजूत एकोणिसाव्या शतकापासून घट्ट आहे.

उगम : या प्रथेची सुरुवात नेमकी कोठून धरावी याबद्दल एकवाक्यता नाही. एक मत ती इंग्लंडमधील उघड्या मुठींच्या लढतींपर्यंत मागे नेते. जेम्स फिगला १७१९ च्या सुमारास पहिला विजेता मानले जाऊ लागले. त्यानंतर शंभरेक वर्षांनी पिअर्स ईगनने ‘बॉक्सियाना’ या नावाने मुष्टियोद्ध्यांची चरित्रे छापायला सुरुवात केली (पहिला खंड साधारण १८१२–१३), आणि फिग, ब्रॉटन, मेंडोझा यांची नावे वाचकांसमोर एका ओळीत आली. मात्र जुन्यानव्यांची नावे एकत्र मांडणे आणि त्यांची लढत कल्पिणे यांत फरक आहे. फिगच्या काळात काठी आणि तलवार चालवणेही विजेत्याच्या कसबात मोडत असे, आणि ब्रॉटनचे नियम १७४३ चे. एकसारखे नियम नसताना अशा लढतीच्या कल्पनेला आधारच उरत नाही.

त्यामुळे उगम हातमोजे सक्तीचे करणाऱ्या क्वीन्सबरी नियमांनंतर (१८६७) शोधणे अधिक सयुक्तिक वाटते. तेव्हाही संक्रमण एकदम झाले नाही. जॉन एल. सलिव्हन व जेक किलरेन यांची ८ जुलै १८८९ ची मिसिसिपीतील लढत उघड्या मुठींनी ७५ फेऱ्या चालली. तोच सलिव्हन ७ सप्टेंबर १८९२ रोजी न्यू ऑर्लीन्समध्ये हातमोजे घालून जेम्स कॉर्बेटकडून २१व्या फेरीत हरला. जुन्या पिढीचा रांगडा जोर मोठा की नव्या पिढीचे पदलालित्य, हा वाद या लढतीपासून वर्तमानपत्रांत पक्का रुजला असावा.

दुसरे मत १९१० वर बोट ठेवते. जेम्स जेफ्रीज १९०५ मध्ये अपराजित अवस्थेत निवृत्त झाला होता. जॅक जॉन्सन हा पहिला कृष्णवर्णीय हेवीवेट विजेता झाल्यावर जेफ्रीजला परत बोलावण्यासाठी अमेरिकेत मोहीम उठली, आणि ४ जुलै १९१० रोजी रीनो येथे ४५ फेऱ्यांच्या लढतीत तो १५व्या फेरीत हरला. प्रेक्षकांना पाहायची होती ती गतकाळच्या विजेत्याची वर्तमानावर मात. त्यामागे वर्णद्वेष होता हे विसरून चालणार नाही. ही लढत प्रत्यक्षातली असली, तरी तिच्यामागची कल्पना भिन्नकालीन लढतीचीच होती. प्रस्तुत नोंदीचा कल याच मताकडे आहे.

सूची आणि कौल : १९२२ मध्ये नॅट फ्लायशर याने ‘द रिंग’ हे मासिक काढले आणि पुढील अर्धशतक सर्वकालीन क्रमवारीवर त्याचीच छाप राहिली. त्याच्या हेवीवेट यादीत जॉन्सन पहिला, जेफ्रीज दुसरा, बॉब फिट्झसिमन्स तिसरा व जॅक डेम्पसी चौथा होता. लुई सहावा आणि मार्सियानो दहावा. फ्लायशरचा जन्म १८८७ चा. यादीतले वरचे चौघेही त्याच्या बालपणापासून पस्तिशीपर्यंतच्या काळात गाजलेले आहेत, ही गोष्ट यादी वाचताना ध्यानात ठेवावी लागते. १९५० मध्ये असोसिएटेड प्रेस या वृत्तसंस्थेने घेतलेल्या कौलात अर्धशतकातला सर्वश्रेष्ठ म्हणून डेम्पसी निवडला गेला व लुई दुसरा आला. २००२ मध्ये ‘द रिंग’ने मागील ८० वर्षांतील ८० मुष्टियोद्धे निवडले. त्यांत रॉबिन्सन, हेन्री आर्मस्ट्राँग, अली, लुई व रोबेर्तो दुरान असा क्रम लागला. ज्यांनी जे पाहिले ते त्यांना मोठे वाटले, असे या तिन्ही कौलांवरून दिसते.

संगणकीय लढती : मरी वोरोनर या मायामीच्या रेडिओ-निर्मात्याने १९६७ मध्ये १६ हेवीवेट विजेत्यांची काल्पनिक स्पर्धा प्रसारित केली. सुमारे २५० जाणकारांकडून प्रत्येक मुष्टियोद्ध्याच्या गुणदोषांची माहिती मागवून ती एनसीआर ३१५ या संगणकात भरली गेली, आणि बाहेर आलेल्या निकालांवरून खऱ्या लढतीसारखे धावते समालोचन रचले गेले. अंतिम लढतीत मार्सियानोने डेम्पसीला हरवले. अलीला आधीच्याच टप्प्यावर जेफ्रीजकडून पराभूत दाखवले होते. तोवर प्रत्यक्षात एकही लढत न हरलेल्या अलीने बदनामीबद्दल दहा लाख डॉलरचा दावा लावला. पुढे तडजोड झाली आणि तो वोरोनरच्या पुढच्या प्रकल्पात उतरला.

तो प्रकल्प म्हणजे १९६९ च्या उन्हाळ्यात मायामीत चित्रित झालेली अली–मार्सियानो लढत. सैन्यभरतीस नकार दिल्याने अलीचा परवाना काढून घेतला होता; वय २७. मार्सियानोला निवृत्त होऊन तेरा वर्षे झाली होती, वय ४५. त्याने सुमारे २० किलो वजन उतरवले व टकलावर केसांचा टोप चढवला. दोघांनी एकेका मिनिटाच्या ७० ते ७५ फेऱ्या खेळल्या. अंगावरचे ठोसे बरेचसे खरे असत, डोक्यावरचे आवरून मारलेले. पडणे, उठणे, जखमा असे सगळे प्रसंग वेगवेगळे चित्रित करून ठेवले आणि शेवटही अनेक घेतले, जेणेकरून संगणकाचा निकाल फुटू नये. चित्रीकरणानंतर काही आठवड्यांतच, ३१ ऑगस्ट १९६९ रोजी, मार्सियानो विमान अपघातात मरण पावला. २० जानेवारी १९७० रोजी ही लढत सुमारे १,५०० चित्रपटगृहांत एकाच वेळी दाखवण्यात आली आणि तिच्यात मार्सियानो १३व्या फेरीत नॉकआउटने जिंकला. युरोपात अली जिंकल्याचा शेवट दाखवला गेला, असे बहुतेक वृत्तांत सांगतात. तसे असेल तर संगणकाच्या निकालाला किती मान दिला गेला हे उघड आहे. शिवाय यंत्रात भरलेली माहिती जाणकारांच्या मतांचीच होती. यंत्राने ती मोजली, तपासली नाही.

तुलनेचे दोन मार्ग : वाद घालणारे सहसा दोन निराळे प्रश्न एकच समजून बोलतात. पहिला प्रश्न असा : १९१९ चा डेम्पसी आहे तसा उचलून आजच्या रिंगणात ठेवला तर काय होईल? दुसरा असा : डेम्पसी आज जन्मला असता, आजचा आहार, व्यायाम व प्रशिक्षण त्याला मिळाले असते तर? पहिल्या प्रश्नात शरीर ठरते. डेम्पसी व मार्सियानो यांचे वजन ८५ किलोच्या आसपास, म्हणजे आज ते हेवीवेट ठरलेच नसते. १९७९–८० च्या सुमारास सुरू झालेल्या क्रूझरवेट या हेवीवेटच्या लगत खालच्या गटाची मर्यादा आधी १९० पौंड (सु. ८६ किलो) होती, ती पुढे २०० पौंड (सु. ९१ किलो) झाली, लुईदेखील भरात असताना याच मर्यादेच्या आसपास होता. उलट बाजूने लेनक्स लुईस, क्लिच्को बंधू, टायसन फ्युरी हे सारे साडेसहा फुटांच्या घरातले किंवा त्याहून उंच. तरीही केवळ आकारावर निकाल लावणे धोक्याचे आहे. डेम्पसीने ४ जुलै १९१९ रोजी १११ किलोंच्या जेस विलर्डला पहिल्या फेरीत सात वेळा पाडले. २००९ मध्ये डेव्हिड हेने आपल्याहून सुमारे ४५ किलो जड असलेल्या सात फुटी निकोलाय वालुएव्हला गुणांवर हरवले. मे २०२४ मध्ये ओलेक्सांद्र उसिक या मूळच्या क्रूझरवेट विजेत्याने रियाधमध्ये फ्युरीला हरवले आणि डिसेंबरमध्ये पुन्हा हरवले.

विलर्डच्या लढतीत आणखी एक धडा आहे. डेम्पसी पडलेल्या विलर्डच्या डोक्याशी उभा राही आणि तो गुडघा उचलतो न उचलतो तोच पुन्हा मारी. तेव्हा हे चालत असे. प्रतिस्पर्ध्याला पाडल्यावर दूरच्या कोपऱ्यात जाण्याचा नियम पुढे आला, आणि २२ सप्टेंबर १९२७ रोजी शिकागोत त्याच नियमापायी डेम्पसीचे हाती आलेले विजेतेपद गेले. तो कोपऱ्याकडे वळेपर्यंत पंचाने मोजणी सुरू केली नाही, जीन टनीला सावरायला सुमारे १४ सेकंद मिळाले आणि लढत टनीने गुणांवर जिंकली. म्हणजे काल्पनिक लढतीत डेम्पसीला कोणाशी भिडवायचे, याआधी कोणत्या नियमांत भिडवायचे हे सांगावे लागते. फेऱ्यांचेही तसेच. जॉन्सन–विलर्ड (हवाना, १९१५) ४५ फेऱ्यांची ठरली होती व २६व्या फेरीत संपली. नंतर बराच काळ १५ फेऱ्या रूढ होत्या. नोव्हेंबर १९८२ मध्ये रे मॅन्सिनीविरुद्ध १४व्या फेरीत कोसळलेला किम दुक-कू मरण पावल्यावर त्या १२ करण्यात आल्या. जेफ्रीज किंवा मार्सियानोसारख्या दमाच्या लढवय्याचे १२ फेऱ्यांत नुकसान, तर माइक टायसनसारख्या आरंभीच तुटून पडणाऱ्याचा फायदा.

दुसऱ्या मार्गात मुष्टियोद्धा आपल्या समकालीनांहून किती वर होता एवढेच पाहतात. हा मार्ग अधिक प्रामाणिक वाटतो, पण त्याने ‘कोण जिंकेल’ या मूळ प्रश्नाचे उत्तर मिळत नाही. ‘अ’ने ‘ब’ला हरवले, ‘ब’ने ‘क’ला, म्हणून ‘अ’ ‘क’ला हरवणार, अशी साखळी जोडून उत्तर काढण्याचा मोह होतो, तो १९७० च्या दशकाने खोटा पाडला आहे. जो फ्रेझरने मार्च १९७१ मध्ये अलीला हरवले. जॉर्ज फोरमनने जानेवारी १९७३ मध्ये फ्रेझरला सहा वेळा पाडून दुसऱ्या फेरीत संपवले. त्याच मार्चमध्ये केन नॉर्टनने अलीचा जबडा मोडून त्याला हरवले, आणि पुढल्या वर्षी फोरमनने नॉर्टनलाही दोन फेऱ्यांत उडवले. या हिशेबाने अलीने फोरमनसमोर उभेच राहू नये. ३० ऑक्टोबर १९७४ रोजी किन्शासात अलीने त्याला आठव्या फेरीत बाद केले. एकाच काळात लढलेल्या चौघांत जिथे क्रम लागत नाही, तिथे पन्नास वर्षांचे अंतर ओलांडून तो लागेल अशी अपेक्षा धरणे कठीण आहे.

चित्रफितींचा पुरावा : जुन्या लढवय्यांची जी छबी आज मनात आहे ती बरीचशी चित्रफितींनी बिघडवलेली आहे. मूकपटाच्या काळातले कॅमेरे हाताने फिरवत, सेकंदाला साधारण १६ ते १८ चित्रे घेत. त्याच फिती पुढे २४ चित्रांच्या गतीने दाखवल्यावर माणसे तुरुतुरु, झटके देत हलताना दिसू लागली, आणि जुने विजेते कच्चे होते हा समज पसरला. तरीही लढतींच्या चित्रफितींचे मोठे संग्राहक जिम जेकब्स यांनी फिती बारकाईने तपासून आधुनिकांच्या बाजूने मत दिले होते. अलीच्या हातांचा वेग रॉबिन्सनहूनही जास्त भरतो असे त्यांचे म्हणणे होते. मधल्या काळाचा पुरावा तर कायद्यानेच कमी झाला. जॉन्सनच्या विजयानंतर १९१२ मध्ये अमेरिकेत लढतींच्या चित्रफिती एका राज्यातून दुसऱ्या राज्यात नेण्यास बंदी आली, ती १९४० मध्ये उठली. सुमारे ३०० लढती खेळलेल्या आणि टनीला व्यावसायिक कारकिर्दीतला एकमेव पराभव (१९२२) देणाऱ्या हॅरी ग्रेबच्या एकाही लढतीची चित्रफीत आज ज्ञात नाही. सरावाची थोडी दृश्ये तेवढी आहेत. त्याच्याबद्दलचे प्रत्येक मत वर्तमानपत्रांच्या कात्रणांवर उभे आहे.

वर्णभेद आणि विजेतेपद : एखाद्या काळाचा विजेता हा त्या काळातला सर्वोत्तम असतोच असे नाही. १९१५ मध्ये जॉन्सन हरल्यापासून १९३७ मध्ये लुईने जेम्स ब्रॅडॉकला हरवेपर्यंत एकाही कृष्णवर्णीयाला हेवीवेट विजेतेपदाची लढत मिळाली नाही. सॅम लँगफर्डला ती कधीच मिळाली नाही, हॅरी विल्स डेम्पसीच्या दारात वर्षानुवर्षे थांबला. काल्पनिक स्पर्धांत प्रवेश विजेत्यांनाच असल्याने हा अन्याय त्यांतही जसाच्या तसा उतरतो. फ्लायशरने लँगफर्डला सातवे स्थान दिले, हे त्याच्या यादीचे मोठेपण.

प्रत्यक्ष ओझरत्या भेटी : लुई ३७ वर्षांचा असताना मार्सियानोकडून आठव्या फेरीत हरला (१९५१), अली ३८व्या वर्षी लॅरी होम्सकडून (१९८०), आणि होम्स ३८व्या वर्षी टायसनकडून चौथ्या फेरीत (१९८८). यांवरून भरातल्या लढतीचा निष्कर्ष काढू नये. आर्ची मूरचा दाखला जास्त उपयोगी : तो मार्सियानोशी (१९५५, नवव्या फेरीत पराभव) आणि तरुण अलीशीही (१९६२, चौथ्या फेरीत पराभव) लढला. पण त्याचे जन्मवर्ष १९१३ की १९१६ याबद्दल मतभेद आहेत, आणि दुसऱ्या लढतीच्या वेळी तो किमान ४५ वर्षांचा होता. फोरमनने ४५व्या वर्षी मायकेल मूररला नॉकआउट करून १९९४ मध्ये विजेतेपद परत मिळवले. मागच्या पिढीला हात न लावता मोडीत काढणाऱ्यांसमोर हे उदाहरण नेहमी ठेवले जाते, आणि ते योग्यच आहे.

हलके वजनगट : येथे आकाराचा प्रश्न सुटतो, कारण वेल्टरवेट गटाची १४७ पौंडांची मर्यादा तेव्हाही तेवढीच होती, फक्त वजन आदल्या दिवशी करण्याची पद्धत आल्यापासून लढतीच्या रात्री शरीर अधिक भारी असते. अडचण लढतींच्या संख्येची. रॉबिन्सन १९४३ ते १९५१ या काळात सलग ९१ लढतींत अपराजित राहिला. फ्लॉइड मेवेदरची सारी कारकीर्द ५० लढतींची, सर्व जिंकलेल्या. आर्मस्ट्राँगने १९३८ मध्ये तीन गटांची विजेतेपदे एकाच वेळी राखली तेव्हा मुख्य गट आठ होते. आज गट सतरा-अठरा, आणि प्रत्येकात मान्यता देणाऱ्या संघटना चार. सर्वांचे वजन समान मानून केलेली तुलना रॉबिन्सनच्या नावाशी जोडली जाते, जरी ती बेनी लेनर्डच्या काळातही केली जात असे.

खेळ : बैठ्या खेळांत व पुढे व्हिडिओ गेममध्ये अशा लढती घरोघर पोहोचल्या. २००९ च्या ‘फाइट नाइट राउंड ४’ च्या वेष्टनावर अली आणि टायसन समोरासमोर आहेत.

महिला मुष्टियुद्ध : ऑलिंपिकमध्ये महिलांच्या लढती २०१२ पासून आहेत. लैला अली (२४ लढती, सर्व विजयी) व दोन ऑलिंपिक सुवर्णपदके मिळवणारी क्लॅरेसा शील्ड्स यांच्या कल्पित लढतीची चर्चा होते. त्याआधीच्या मुष्टियोद्ध्यांच्या नोंदी तुटपुंज्या आहेत.