ऑनलाइन सेफ्टी पीजी

व्यावसायिक आरोग्य व सुरक्षा, म्हणजे कंपनीत ज्याला नुसतं 'सेफ्टी' किंवा 'ईएचएस' (पर्यावरण, आरोग्य, सुरक्षा) म्हणतात, त्या विषयाचा पदवीनंतरचा डिप्लोमा किंवा मास्टर्स नोकरी सांभाळून इंटरनेटवरून करणं. घरी बसून करायचा कोर्स असं म्हणतात खरं, पण करणारे बरेचसे घरी नसतातच, चाकण, तारापूर, महाड नाहीतर थेट आखातातल्या एखाद्या साइटवर असतात आणि सेकंड शिफ्ट संपवून रात्री लेक्चर लावतात.

या शिक्षणाला मागणी आली ती कायद्यामुळे. १९४८ च्या कारखाने अधिनियमातलं कलम ४०-ब सांगत होतं की १००० किंवा जास्त कामगार असतील तिथे सेफ्टी ऑफिसर नेमावा लागेल. १९८४ ला भोपाळ झालं आणि १९८७ च्या दुरुस्तीत धोकादायक प्रक्रियांवर वेगळं प्रकरणच आलं. नव्या व्यावसायिक सुरक्षा संहितेत, जी २०२० ला मंजूर झाली आणि नोव्हेंबर २०२५ पासून लागू आहे, हाच आकडा कारखान्याला ५००, धोकादायक प्रक्रियेला आणि बांधकामाला २५० आणि खाणीला १०० असा खाली आलाय. म्हणजे जागा वाढणार, आणि जाहिराती तर त्याआधीच वाढल्यात.

पण इथेच खरी गोम आहे. सेफ्टी ऑफिसर म्हणून कायद्याने नेमणूक व्हायला पदवी आणि अनुभवासोबत राज्य सरकारने मान्य केलेला औद्योगिक सुरक्षेचा डिप्लोमा लागतो, आपल्याकडे त्यासाठी सायनच्या केंद्रीय श्रम संस्थेचा नाहीतर तंत्रशिक्षण मंडळाचा एक वर्षाचा 'एडिस' (अ‍ॅडव्हान्स्ड डिप्लोमा इन इंडस्ट्रियल सेफ्टी) करतात. ऑनलाइन मास्टर्स कितीही मोठ्या विद्यापीठाचा असला तरी तो आपोआप या डिप्लोमाच्या जागी बसत नाही. त्यात यूजीसीच्या २०२० च्या नियमावलीने इंजिनिअरिंग हा विषय डिस्टन्स आणि ऑनलाइन पदव्यांमधून वगळलाय, त्यामुळे त्या नियमाखालच्या विद्यापीठांत असे कोर्स सायन्स किंवा मॅनेजमेंटच्या नावाखाली दिसतात. तेव्हा फी भरायच्या आधी एकच गोष्ट विचारायची, हा कागद फॅक्टरी इन्स्पेक्टरपुढे चालतो का. प्रवेश देणारा कौन्सेलर 'इंटरनॅशनली रेकग्नाइज्ड' म्हणून विषय बदलायला लागला की समजून जायचं.

दुसरा घोळ लेव्हलचा. नेबॉश ही १९७९ ला सुरू झालेली ब्रिटिश परीक्षा संस्था, आखातात जायचं तर तिचं सर्टिफिकेट जवळपास पासपोर्टइतकंच मागतात, कोकणातली कितीतरी पोरं त्याच्या जोरावर गेली. पण ते सर्टिफिकेट पीजी नाही, लेव्हल ३ आहे, आणि तिचा इंटरनॅशनल डिप्लोमा लेव्हल ६, म्हणजे ब्रिटिश पद्धतीत पदवीच्या बरोबरीचा. मास्टर्स लेव्हल ७ ला येतो. बायोडाटात सगळे डिप्लोमे एकाच ओळीत बसतात, तिथे हा फरक कोणाला दिसत नाही.

शिकवतात काय? धोका ओळखणं, जोखमीचं मोजमाप, हॅझॉप (प्लांटची प्रक्रिया टप्प्याटप्प्याने तपासून कुठे काय बिघडू शकतं ते शोधणं), कामाचं परमिट (धोक्याचं काम सुरू करण्याआधीची लेखी परवानगी), आगीचं शास्त्र, विषशास्त्र, एर्गोनॉमिक्स, कायदा. सगळ्याच्या मुळाशी नियंत्रणाची उतरंड: आधी धोकाच काढून टाका, जमत नसेल तर कमी धोक्याची वस्तू वापरा, मग मशीनला गार्ड किंवा एक्झॉस्ट, मग कामाची पद्धत बदला, आणि सगळ्यात शेवटी हेल्मेट-गॉगल. शॉपफ्लोअरवर नेमकं उलटं चालतं, सुरुवातच हेल्मेटपासून होते आणि बहुतेकदा तिथेच संपते.

आकडेमोडीत मुलं अडकतात. ९० डेसिबलच्या दोन मशीन शेजारी लावल्या तर आवाज १८० नाही, ९३ होतो. अपघाताचा फ्रीक्वेन्सी रेट आपल्या भारतीय मानकाप्रमाणे १० लाख मनुष्य-तासांवर काढतात आणि अमेरिकन पद्धतीत २ लाखांवर (१०० माणसं, आठवड्याला ४० तास, ५० आठवडे), म्हणजे तीच कंपनी एका रिपोर्टात पाचपट सुरक्षित दिसू शकते. आणि परदेशी कोर्समधला कायदा तर वेगळाच असतो, ब्रिटनमध्ये आवाजावर उपाय सुरू करायच्या पायऱ्या ८० आणि ८५ आणि कमाल मर्यादा ८७ डेसिबल, आपल्या कारखाने नियमांत ८ तासांना ९०. त्यामुळे आठवडाभर ब्रिटिश नियम घोकून सोमवारी प्लांटवर आलं की कोणता आकडा बोलायचा हेच कळत नाही.

स्क्रीनवर जे येत नाही ते हातकामाचं. सिलिका धुळीचा नमुना घ्यायचा तर कामगाराच्या कमरेला पंप, कॉलरजवळ सायक्लोन (जाड धूळ वेगळी करणारं छोटं उपकरण) आणि फिल्टर, पंपाचा प्रवाह आधी आणि नंतर दोन्हीदा तपासायचा, मधे तो माणूस पंप काढून चहाला गेला तर दिवस वाया. हे व्हिडिओ बघून येत नाही, आणि मोबाइलच्या अ‍ॅपवर आवाज मोजून तो प्रबंधात टाकणारे महाभाग आहेतच, फोनचा माइक कॅलिब्रेट केलेला नसतो एवढं तरी बघावं. पण एका बाबतीत ऑनलाइनवालाच पुढे असतो: जो रोज प्लांटमध्ये आहे त्याला प्रयोगशाळा आयतीच मिळते, कॉन्व्हेयरच्या नियर मिसवरून (थोडक्यात टळलेल्या अपघातावरून) तो घटनेचं कारण-विश्लेषण जसं लिहील तसं कॉलेजातून सरळ आलेल्याला जमत नाही. अडचण एवढीच की कंपनी फोटो काढू देत नाही आणि आकडे बाहेर जाऊ देत नाही, मग प्रबंधात 'पश्चिम महाराष्ट्रातील एक रसायन कारखाना' असं लिहून भागवावं लागतं.

फुकटात चव घ्यायची तर 'स्वयम्' या सरकारी पोर्टलवर एनपीटीईएलचे आयआयटीवाले कोर्स आहेत, तिथे असाइनमेंटला २५ टक्के आणि सेंटरवर जाऊन दिलेल्या परीक्षेला ७५ टक्के मार्क असतात. परीक्षेची फी लागते, शिकायला नाही.

एक अट मात्र कुठलाच कोर्स शिकवत नाही. सेफ्टी ऑफिसरच्या पात्रतेत असं आहे की त्या भागातल्या बहुसंख्य कामगारांची भाषा त्याला नीट यायला हवी. नियम केला तेव्हा आपल्याकडे ती मराठीच धरली असणार, आज चाकणला सकाळच्या टूलबॉक्स टॉकला, म्हणजे काम सुरू व्हायच्या आधीच्या छोट्या सुरक्षा बैठकीला, उभं राहिलं तर समोर भोजपुरी, ओडिया आणि बंगाली बोलणारी माणसं असतात, आणि परमिटवर सही कुठल्या लिपीत आहे हे बघूनच कळतं की वरचं किती जणांनी वाचलंय.