नो लिंग (कोर्लई क्रिओल)

रायगड जिल्ह्यात कुंडलिकेच्या मुखाशी, रेवदंड्यासमोर वसलेल्या कोर्लई गावातील ख्रिस्ती वस्तीची मातृभाषा. बोलणारे साधारण हजाराच्या घरात. अभ्यासक तिला कोर्लई क्रिओल (क्रिओल म्हणजे भाषांच्या मिसळणीतून घडून पुढे मातृभाषा झालेली भाषा; इथे पोर्तुगीज आणि मराठीच्या) किंवा क्रिस्ती म्हणतात; गावात ती ‘नो लिंग’, म्हणजे ‘आमची भाषा’. (मूळ पोर्तुगीज शब्द ‘लिंग्वा’. त्याचा शेवटचा स्वर गळाला. मराठी कानाला भलतेच काही ऐकू येते, त्याला इलाज नाही.)

पोर्तुगीजांनी 1521 मध्ये रेवदंड्याजवळच्या चौलला बस्तान मांडले. स्थानिक बायकांशी लग्न करून इथेच राहणाऱ्या शिपायांना त्यांच्या राजवटीचे उत्तेजन होते. या घरांतून आणि बाटलेल्या स्थानिक कुटुंबांतून चौलची ख्रिस्ती रयत वाढली. वेढे तिच्या पाचवीलाच पुजलेले. 1570-71 मध्ये निजामशाही फौज चौलला वेढा घालून बसली होती. 1594 मध्ये बुऱ्हाण निजामशहाने समोरच्या कोर्लईच्या डोंगरावर किल्ला बांधायला घेतला, तो पोर्तुगीजांनी त्याच वर्षी जिंकला. पोर्तुगीज इतिहासकार सांगतात, की किल्ल्याचा सरदार फरात खान पकडला गेला आणि ख्रिस्ती झाला. त्याची मुलगीही ख्रिस्ती झाली. बायको मात्र खंडणी भरून परत गेली. एकाच घराच्या अशा दोन वाटा झाल्या. हे जेत्यांचे कथन आहे, तेव्हा ते त्याच बेताने वाचावे.

वसईच्या मोहिमेनंतर, 1740 च्या तहाने, चौल आणि कोर्लई मराठ्यांकडे आले. ज्यांना शक्य होते ते पोर्तुगीजांबरोबर निघून गेले. ज्यांच्याकडे जहाजाला पैसे नव्हते आणि गोव्यात ओळखपाळख नव्हती, ती कष्टकरी कुटुंबे मागे राहिली, आणि तीच पुढे कोर्लईत एकवटली असे मानले जाते. मराठ्यांनी किल्ल्यातल्या बुरुजांची नावे बदलली: सां दियागोचा पुस्ती बुरूज झाला, सां फ्रान्सिस्कोचा गणेश बुरूज. खाली वस्तीतली पोर्तुगीज आडनावे मात्र तशीच राहिली, आजही आहेत. या लोकांना ‘फिरंग्यांचे उरलेले’ म्हणणे सोपे आहे, पण चुकीचे. फिरंगी गेले तेव्हा ही माणसे आपल्याच गावात होती.

पोर्तुगीज की मराठी, हा पेच भाषेने आपल्या परीने सोडवला. शब्दसंग्रह बहुतांशी पोर्तुगीज, पण वाक्याची घडण मराठीकडे झुकलेली: कर्ता, कर्म आणि शेवटी क्रियापद. ‘लुईझचे घर’ म्हणताना पोर्तुगीज माणूस घर आधी सांगतो, लुईझ मागून येतो. कोर्लईकर मराठीप्रमाणे लुईझला पुढे ठेवतो आणि त्याच्या मागे ‘सु’ लावतो. तो ‘सु’ आपल्या ‘चा-ची-चे’चे काम करतो. मराठीतून उचललेल्या क्रियापदांसाठी तर रूपांचा वेगळा गटच तयार झाला आहे. त्यांना शेवटी ‘उ’ लागतो, त्यामुळे मराठी क्रियापद आले की ते लगेच ओळखू येते. अडीचशेहून अधिक वर्षे पोर्तुगीज राजवटीशिवाय, चहूबाजूंनी मराठी ऐकत जगल्याचा हा परिणाम.

भाषा टिकली ती बरीचशी आडबाजूला असल्यामुळे. कुंडलिकेवर पूल होईपर्यंत रेवदंड्याच्या बाजाराला होडीने जावे लागे. हा पूल 1980 च्या दशकात झाला. बाजार, दवाखाना, नोकरी, सगळे आता पलीकडच्या काठावर, आणि तिथला व्यवहार मराठीत चालतो.