कॅमेऱ्यात मुलाचे हातही दिसले पाहिजेत

अपघात, मारहाण, लैंगिक अत्याचार यांतून गेलेल्या मुलाला मोठी माणसं हमखास सांगतात, "विसरून जा." पण ही आठवण नेहमीच्या आठवणींसारखी साठवलेली नसते. प्रचंड भीतीच्या क्षणी मेंदूतला अमिग्डाला हा धोक्याची घंटा वाजवणारा भाग जोरात काम करतो, आणि प्रसंगाला 'कुठे, कधी' यांची चौकट देणारं हिप्पोकॅम्पस मागे पडतं. मग उरतात ते सुटे तुकडे: वास, आवाज, दाराची कडी वाजणं. महिन्यांनी तशीच कडी वाजली की शरीराला वाटतं, ते आत्ताच घडतंय. लहान मुलं हे शब्दांत सांगत नाहीत. एकदा सुटलेली अंथरूण ओलं करण्याची सवय पुन्हा सुरू होते, पोट दुखतं, एकच खेळ त्याच क्रमाने पुन्हा पुन्हा खेळला जातो. महिना उलटूनही हे ओसरत नसेल, तर तज्ज्ञांकडून तपासणी करून घ्यावी. उपचार व्हिडिओ कॉलवरूनही होऊ शकतो; तो करताना काय सांभाळायचं, ते इथे पाहू.

अशा मुलांसाठी सर्वाधिक अभ्यासलेल्या उपचारांपैकी एक म्हणजे ट्रॉमा-फोकस्ड सीबीटी, म्हणजे मनावरच्या आघातासाठी बेतलेला, विचार आणि वागणं यांवर काम करणारा संवादातून होणारा उपचार. ज्युडिथ कोहेन, अँथनी मॅनारिनो आणि एस्थर डेब्लिंगर यांनी तो अमेरिकेत विकसित केला. साधारण 3 ते 18 वयाच्या मुलांना 12 ते 16 सत्रं लागतात, आणि प्रत्येक सत्रातला बराच वेळ पालकांसाठी असतो. आधी माहिती, मग शरीर शांत करण्याची तंत्रं, भावनांना नावं देणं, आणि नंतरच घडलेल्या प्रसंगाचं टप्प्याटप्प्याने कथन. क्रम उलटा केला आणि मूल पहिल्याच दिवशी "सांग काय झालं" या प्रश्नात अडकलं, तर ते पुढच्या सत्राला येईलच असं नाही.

साउथ कॅरोलायनाच्या वैद्यकीय विद्यापीठाने हाच उपचार व्हिडिओ कॉलवरून, शाळांमध्ये आणि घरी, मुलांपर्यंत नेला. बहुतेकांनी तो पूर्ण केला, लक्षणंही कमी झाली. तुलनेसाठी दुसरा गट नव्हता, हे मात्र लक्षात ठेवायला हवं. आणि यश मिळालं ते पडद्यापलीकडच्या प्रशिक्षित माणसामुळे. श्वासाचे व्यायाम शिकवणारं अ‍ॅप सरावाला चांगलं, पण त्याला उपचार म्हणणं ही जाहिरात झाली.

व्हिडिओ सत्र बिघडतं ते बहुधा साध्या गोष्टींमुळे. मोबाइल हातात धरला की फक्त चेहरा दिसतो. मूल नखं कुरतडतंय का, मुठी आवळतंय का, पाय हलणं अचानक थांबलं का, हे थेरपिस्टला कळत नाही. म्हणून मोबाइल टेबलावर टेकवून दोनेक हात लांब ठेवावा. स्वतःचं चित्र दिसण्याची सोय बंद करावी, मुलं त्यातच गुंततात. प्रत्येक सत्राच्या सुरुवातीला मूल नेमकं कुठे आहे तो पत्ता, आणि कॉल तुटला तर कोणत्या नंबरवर फोन करायचा, हे विचारून घ्यावं. कथनाच्या ऐन मध्यात नेट गेलं तर मुलाला वाटतं, "मी सांगितलं आणि ते निघून गेले."

खरी अडचण खासगीपणाची. दोन खोल्यांच्या घरात भिंतीपलीकडे कोण ऐकतंय? हेडफोनमुळे थेरपिस्टचा आवाज झाकतो, मुलाचा नाही. म्हणून हो-नाहीचे प्रश्न, चॅटमध्ये लिहिणं आणि आधी ठरवलेला एखादा परवलीचा शब्द लागतो. तो उच्चारला की विषय लगेच अभ्यासाकडे वळवायचा. अत्याचार करणारा त्याच घरात असेल, तर घरून सत्र नकोच. आधी मूल सुरक्षित करायचं. 1098 ही बालकांची हेल्पलाइन त्यासाठीच आहे. पोक्सो कायद्यानुसार लैंगिक अत्याचाराची माहिती पोलिसांना देणं बंधनकारक आहे, त्यामुळे "कुणालाच सांगणार नाही" असं वचन थेरपिस्टने देऊ नये. कुठून सुरुवात करावी हेच कळत नसेल, तर 14416 वर टेली-मानस ही केंद्र सरकारची मोफत सेवा आहे.

शेवटची दहा मिनिटं कथनाला द्यायची नाहीत. दवाखान्यातून परतताना रस्ता असतो, रिक्षा असते, मन निवायला वेळ मिळतो. इथे कॉल संपला की मूल त्याच खोलीत एकटं उरतं. म्हणून आधी दिसणाऱ्या पाच वस्तू मोजायच्या, श्वास घेण्यापेक्षा सोडायला जास्त वेळ द्यायचा, आणि मग विश्वासातलं मोठं माणूस आत बोलवायचं. त्याने "काय बोललास?" विचारू नये. सोबत बसून काहीतरी खावं.